शेवंतीच्या जबड्याखालची गाठ

जी गाठ पिकणारच नव्हती तिला मी चिरा दिला. तोही चारचौघांत, बाह्या सरसावून, "आता बघा" असं म्हणून. ही माझी पहिली चूक. तिच्याबद्दल मी स्वतःला बऱ्यापैकी माफ केलेलं आहे. नव्या डॉक्टरच्या हातून चुका होतातच, असं आमच्या खात्यात सगळे म्हणतात, विशेषतः स्वतःच्या चुकीबद्दल बोलताना. दुसरी चूक मी तोंडाने केली. एका सरळ प्रश्नाला वाकडं उत्तर दिलं आणि त्यापायी एका माणसाचं नाव गेलं. तो माणूस कसा होता हे सांगितल्याशिवाय त्या उत्तराने काय केलं ते कळायचं नाही.

सेनगावच्या जनावरांच्या दवाखान्यात माझी पहिली नेमणूक झाली तेव्हा हिंगोली अजून परभणी जिल्ह्यातच होती. मी हजर व्हायला गेलो तर आवारात, जनावर उभं करायच्या लोखंडी खोड्याशेजारी, खाकी कोट घातलेला एक म्हातारा घडीची खुर्ची टाकून बसला होता. मी त्यांना शिपाई समजलो आणि पाणी मागितलं. त्यांनी उठून माठातलं पाणी आणून दिलं, मी पिईपर्यंत थांबले आणि पेला परत घेत म्हणाले, "आत जी खुर्ची आहे तिचा मागचा पाय डगमगतो. मी तिच्यावर निवृत्त होईपर्यंत बसलो. तू जपून बस."

ते माझ्या आधीच्या डॉक्टरच्याही आधीचे डॉक्टर, आणि आम्हा सगळ्यांचे अजूनही साहेब. नोकरी संपली तरी यायचे थांबले नव्हते. दवाखान्यासमोरच एका खोलीत एकटे राहत, सकाळी खुर्ची काखेत मारून रस्ता ओलांडत आणि खोड्याशेजारी बसून घोड्याची वाट बघत. फक्त घोड्याची. कुणी बैल घेऊन आला की ते दाराकडे बोट दाखवत आणि म्हणत, "बैलाचा डॉक्टर आत आहे." कॉलेजात शस्त्रक्रियेत पहिला आलेला मी सेनगावात आठवडाभरात बैलाचा डॉक्टर झालो. शेळी आणली तरी मी बैलाचाच डॉक्टर.

त्यांची एक सवय गावाला पाठ होती. माणसांना ते सरसकट "तू" म्हणत आणि घोड्यांना "आपण". घोडी असेल तर बाईसाहेब. "बाईसाहेब, जरा मान खाली करता का? तकलीफ देतोय, माफ करा." आणि लगेच मालकाकडे वळून, "तू काय बघत उभा आहेस, दोरी धर." एकदा खात्याचे मोठे साहेब तपासणीला आले. नेमकं त्याच वेळी खोड्यात एक शिंगरू उभं होतं. मोठ्या साहेबांना ऐकायला मिळालं, "तू जरा सरक, यांना वारा लागू दे." मोठे साहेब सरकले. पुढे त्यांनी त्याबद्दल माझ्याकडे खुलासा मागितला.

आपले आजोबा हिंगोलीच्या छावणीत घोडदळाची घोडी सांभाळत होते, असं ते सांगत. कधी आजोबा असत, कधी पणजोबा. घोड्यांची संख्या मात्र दर वेळी थोडी वाढलेली असे. घोडं तपासायच्या आधी त्याच्या तोबऱ्यात हात घालून ते हरभरे स्वतः चावून बघत, आणि नीट भरडलेले नसतील तर मालकालाही तिथेच चावायला लावत. घोडं खात असेल तर त्याला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. "जेवणाऱ्याला उठवून आजार विचारत नाहीत," असं म्हणून ते खुर्चीत बसून राहत आणि मालक उन्हात तळमळत असे.

औंढ्याला एका लग्नात त्यांनी वरात थांबवली होती. मी तिथे होतो, पाहुणा म्हणून. बँड जोरात चालला होता, नवरदेव घोडीवर, पुढे पोरं नाचताहेत, आणि हे गर्दीतून वाट काढत आले ते थेट घोडीच्या मागच्या पायाशी बसले. मग उठून नवरदेवाला म्हणाले, "उतर." नवरदेवाचे मामा धावून आले, हा अपशकुन आहे म्हणू लागले. हे शांतपणे म्हणाले, "तुझा भाचा उद्याही नवराच राहील. हिचा पाय उद्या राहील अशी खात्री देतोस?" शेवटी नवरदेव बाशिंग सावरत मांडवापर्यंत चालत गेला आणि घोडी मागून मोकळी आली, तिच्या कानाशी आमचे साहेब बोलत. खुराच्या खाचेत काच होती. मामांनी ती काच पाहिली आणि तरीही त्यांना जेवायला बोलावलं नाही. मला बोलावलं होतं. मी जेवलो.

म्हणजे ते चुकत नसत असं नाही. हे सांगायला हवं, कारण माझा त्या काळातला सगळा शहाणपणा त्यांच्या चुकांवर उभा होता. वाशीमच्या एका घोडीला त्यांनी वर्षभर गाभण म्हणून सांगितलं. मालकाने तिला तूप-गूळ चारला, दारावर लिंबू टांगलं. शेवटी ती नुसतीच जाड निघाली. स्कूटरच्या आवाजाने मराठवाड्यातली घोडी बहिरी होत चालली आहेत, असंही त्यांचं ठाम मत होतं. त्यामुळे शेवंतीच्या बाबतीत ते जे म्हणाले ते मी त्याच खात्यात टाकलं.

शेवंती ही थावरूची घोडी. थावरू सेनगावाजवळच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा. त्याच्या आज्याने बैलांच्या पाठीवरून मीठ-धान्य वाहिलं, थावरू सोयाबीन करतो आणि लग्नसराईत घोडी वरातीला देतो. शेवंती पंचकल्याणी होती, चारही पाय पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा, त्यामुळे लग्नघरं तिच्यासाठी तिथी मागेपुढे करत. आमच्याशी तो मराठीत बोले, शेवंतीशी गोरमाटीत, आणि शेवंतीशी जास्त बोले.

तिच्या जबड्याखाली सूज आली होती. मी हात लावला आणि निदान करून मोकळा झालो. घोड्यांना घशाखाली गळू होण्याचा एक संसर्ग असतो. आमच्याकडे त्यावर ठरलेला उपाय, हळद आणि जवसाचं गरम पोटीस बांधायचं, गळू पिकलं की चिरा द्यायचा, पू निघून गेला की जनावर बरं. हळदीला या भागात तोटा नाही. मी पोटीस आणि पेनिसिलीन सुरू केलं. आठवडे गेले, गाठ पिकेना. मी हळद वाढवली.

साहेब रोज खुर्चीतून बघत होते. एक दिवस उठून आले, घोडीची परवानगी मागितली आणि बराच वेळ हात फिरवत राहिले. मग मला बोलावून माझाच हात धरून फिरवला. जबड्याच्या दोन्ही बाजूंना गाठी. खांद्यापुढेही गाठ, ती मी पाहिलीच नव्हती. छातीखाली किंचित पाणी साचलेलं. ताप नाही. गाठ गरम नाही. दाबली तरी घोडी मान काढून घेत नाही.

"गळू दुखतं," ते म्हणाले. "हिला दुखत नाही. मला तेच आवडलेलं नाही."

मग त्यांनी सुई घेतली, गाठीत घालून थोडंसं ओढलं आणि काचपट्टीवर पसरलं. पू नव्हता. मी म्हणालो, अजून पिकायचं आहे. ते काचपट्टी हवेत हलवून वाळवत राहिले. मग त्यांनी थावरूला आणि मला सांगितलं की हा कर्करोग असू शकतो, लसिकाग्रंथींचा, लिंफोमा म्हणतात त्याला. काचपट्ट्या परभणीच्या कॉलेजात दाखवतो, तोवर हिला कुणी पातं लावायचं नाही.

थावरू हसायला लागला. "साहेब, घोडी तंबाकू खात न्हाई, बिडी वढत न्हाई. तिला काहून कॅन्सर व्हईल?"

खोड्याभोवतीची माणसं हसली. मीही हसलो. साहेबांनी काचपट्ट्या साबणाच्या डबीत ठेवल्या आणि दुपारच्या एसटीने परभणीला गेले. टपालावर त्यांचा विश्वास नव्हता, शिपायावर नव्हता आणि माझ्यावर तर नव्हताच. तिथले प्राध्यापक रजेवर होते, म्हणून हे तिथेच कुणाकडे तरी मुक्काम ठोकून बसले.

इकडे थावरू बाजाराच्या दिवशी घोडी घेऊन आला. परवा वरात होती, गाठीमुळे लगाम नीट बसत नव्हता. सोबत तांड्यावरचे पाचसहाजण होते आणि बाजाराची गर्दी आपोआप जमली. त्याने विचारलं, कापून टाकता येत नाही का. साहेबांनी नको म्हटलेलं मला आठवत होतं. पण गर्दी माझ्याकडे बघत होती, आणि बैलाच्या डॉक्टरकडे घोडीसाठी गर्दी जमायची ती पहिलीच वेळ. मी पू धरायला थावरूच्या हातात घमेलं दिलं, बधिर करण्याचं इंजेक्शन दिलं आणि चिरा दिला.

रक्त आलं. नुसतं रक्त. आत माशाच्या मांसासारखं पांढरट काहीतरी होतं. गर्दीतून कुणीतरी विचारलं, "साहेब, पू कुठं हाय?" मी म्हणालो, येईल. थावरू घमेलं धरून उभाच राहिला. रक्त थांबवता थांबवता माझा सदरा भिजला. टाके घातले, ते दोन दिवसांत सुटले आणि जखम चिघळली. वरातीला दुसरी घोडी गेली.

साहेब परतले ते सरळ खोड्याकडे आले. जखम बघितली. मला आत बोलावलं, दार लावलं आणि डगमगत्या खुर्चीवर स्वतः बसले. अहवाल लिंफोमाचाच होता. तो बरा होत नाही, ते म्हणाले, पण स्टिरॉइडच्या गोळ्यांनी गाठी विरघळतात, काही महिने घोडी चांगली राहते. लग्नसराईही करू शकली असती. मात्र या औषधाने जखम भरायची थांबते, उघड्या चिघळलेल्या जखमेवर ते द्यायचं म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर पसरायला आमंत्रण. आधी ही जखम भरली पाहिजे. तोवर आजार थांबून राहणार नाही.

म्हणजे तिचे जे चांगले महिने होते त्यातले काही मी कापून टाकले होते. हे मला त्या दिवशी, त्या दाराआड, पूर्ण कळलं होतं. पुढचं सांगताना हे लक्षात ठेवा.

बाहेर आलो तर थावरू उभा होता. गाठीला सुई लागली की रोग अंगभर उधळतो, असा आमच्याकडे माणसांच्या बाबतीतही पक्का समज आहे. सुई लागली म्हणूनच गाठ बिघडली आणि जखम चिघळली, असं तांड्यावर बोलणं झालं असणार. साहेब घोडीच्या नाकपुड्या ओल्या फडक्याने पुसत होते. थावरूने त्यांच्या देखत मला विचारलं, "साहेब, खरं सांगा. बुढ्या साहेबाच्या सुईनं झालं का हे?"

मी म्हणालो, "तसं नक्की काही सांगता येत नाही."

वाक्य किती चांगलं आहे बघा. त्यात खोटं एकही अक्षर नाही, कुणावर आरोप नाही, शिक्का मारून वरच्या कार्यालयात पाठवावं असं. पण थावरूला जे ऐकायचं होतं ते त्याने ऐकलं. साहेबांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता बोलतील. ते फडकं पिळून घोडीला म्हणाले, "बाईसाहेब, ऊन वाढलं, आता निघा." थावरूने दोरी त्यांच्या हातातून काढून घेतली. "तुमी आता लांबच राहा, साहेब," तो म्हणाला.

ते लांब राहिले. रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवरून बघत. जखम कशीबशी भरली आणि मी गोळ्या सुरू केल्या, गुळाच्या गोळ्यात घालून. प्रमाण त्यांनी सांगितलेलं, केव्हा कमी करायचं तेही त्यांनीच. या औषधाने घोड्याच्या खुरांत दाह होऊ शकतो, म्हणून रोज तांड्यावर जाऊन खुरांना तळहात लावून बघायचं, हेही त्यांचंच. संध्याकाळी मी टपरीवर गेलो की पहिला प्रश्न, "खुरं?" मी सांगे, थंड आहेत. मग ते चहा मागवत, स्वतःपुरता. एकदा मी म्हणालो, सर, तुमचे उपकार आहेत. ते म्हणाले, "तुझ्यासाठी करत नाही. गैरसमज नको."

गाठी विरघळल्या. छातीखालचं पाणी ओसरलं, अंगावर तकाकी आली. थावरूने दवाखान्यात येऊन मला टॉवेल-टोपी दिली, नारळ दिला, आणि जमलेल्यांना सांगितलं की बिघडवलेलं ह्या साहेबाने नीट केलं. खिडकीतून समोरची टपरी दिसत होती. टपरीवरूनही खिडकी दिसत असणार. मी ती टोपी घालून घरी गेलो.

उन्हाळ्यात गाठी परत आल्या, जास्त मोठ्या, आणि या वेळी औषधाला दाद देईनात. घोडीचा श्वास घरघरू लागला. साहेबांनी टपरीवरून निरोप दिला, तिला गुदमरू देऊ नकोस. मी थावरूला समजावलं आणि शेवटचं इंजेक्शन दिलं. तिचं डोकं त्याच्या मांडीवर होतं. तो म्हणाला, सुई नसती लावली तर जगली असती माझी शेवंती. मी मान हलवली. कोणत्या अर्थाने हलवली ते त्याला कळलं नाही, मला कळलं होतं.

घोडीवाले एकमेकांना ओळखतात. त्या वर्षापासून सेनगावच्या खोड्यात घोडं आलं नाही. आजारी घोडी दवाखान्यावरून सरळ हिंगोलीला जात, काही वाशीमला. वरातीत साहेब दिसले की घोडीवाला गल्ली बदले. ते मात्र रोज खुर्ची घेऊन येत आणि रिकाम्या खोड्याशेजारी बसत. एकदा मी त्यांना कुंभाराच्या गाढवाला "आपण" म्हणताना ऐकलं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. म्हणजे गेलं, पण उशिरा.

मग माझी बदली झाली, बढती झाली. हिंगोली स्वतंत्र जिल्हा झाल्यावर मी तिथल्या कार्यालयात आलो. नव्या डॉक्टरांना शिकवायला मला बोलावत. घोड्यांतल्या लिंफोमावर मी चांगलं बोलतो असं म्हणतात. गाठ दुखते का बघा, दोन्ही बाजू चाचपा, आधी सुई, मग पातं, हे सगळं मी शेवंतीच्या उदाहरणावरून सांगे. त्या उदाहरणात चिरा देणारा "एक स्थानिक डॉक्टर" असे. पोरं त्या डॉक्टरला हसत. मी त्यांच्याबरोबर हसे.

बऱ्याच वर्षांनी सेनगावच्या नव्या डॉक्टरबाईंचा फोन आला. थावरूने दुसरी घोडी घेतली होती, तिच्या जबड्याखाली गाठ आली होती. गळू असेल तर साधं औषध, नसेल तर लवकर कळायला हवं. पण तो सुई लावू देत नव्हता, अख्खा तांडा त्याच्या बाजूने होता. बाई म्हणाल्या, सर, तुमचं नाव घेतोय तो, तुम्हीच सांगून गेलात म्हणे.

मी आधी साहेबांच्या खोलीवर गेलो. ते खूप वाकले होते, नजरही अधू झाली होती. मला आवाजावरून ओळखलं. मी वाटेत जुळवलेलं सगळं बोललो, तरुणपणाची भीती, नव्या नोकरीची लाज, मनाला लागून राहिलेली टोचणी. बोलता बोलता माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि खरं सांगायचं तर ते आल्याचं मला बरं वाटलं.

त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हे मला काय सांगतोस? मला माहीतच आहे की. ज्यांना माहीत नाही त्यांना सांग." आणि भिंत धरून चपला शोधू लागले. "जीप आणली आहेस ना?"

तांड्यावर नायकाच्या दारात माणसं जमली होती. नायक म्हणजे तांड्याचा म्हातारा प्रमुख. त्याच्या शब्दाशिवाय तिथे काही ठरत नाही. साहेबांना कुणी या म्हटलं नाही, पण डॉक्टरबाईंनी त्यांना बाजेवर बसवलं. थावरूच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. त्याची घोडी मागे लिंबाला बांधलेली होती. माझ्यासाठी खुर्ची आणली, चहा आणला.

मी बसूनच सुरुवात केली. म्हणालो, त्या काळी आपल्याकडे सोयी कमी होत्या. वैद्यकीय दृष्ट्या पाहिलं तर सुईने रोग पसरतो असं म्हणायला आधार नाही. त्या वेळी काही निर्णय घाईत घेतले गेले, त्यातून काही गैरसमज निर्माण झाले, त्याबद्दल खेद वाटतो. असं बरंच बोललो.

थावरू म्हणाला, "म्हंजे काय म्हणून राहिले तुमी?"

नायकाने कानामागे हात धरला. "मला बी ऐकू आलं न्हाई. उभं राहून बोला, साहेब. मोठ्यानं."

मी साहेबांकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, लिंबाकडे कान देऊन घोडीचा श्वास ऐकत होते. मी चहाचा कप खाली ठेवला आणि उभा राहिलो.

"सुईनं काही झालं नव्हतं," मी म्हणालो. "शेवंतीला मी कापलं. कापू नको म्हणून ह्यांनी मला सांगितलं होतं. थावरू, तू मला विचारलंस तेव्हा मला खरं माहीत होतं आणि मी ते सांगितलं नाही. चूक माझी होती, ह्यांची नव्हती. तुझी माफी मागतो. सर, तुमचीही मागतो, सगळ्यांच्या देखत."